उणे तीनचा वर्ग किती? आधी वहीत, मग कॅल्क्युलेटरवर

समीकरण होतं २क्ष² − ५क्ष − ३ = ०. माझ्या वर्गातल्या एका मुलीने विवेचक (ब² − ४अक; तो ऋण आला की वास्तव मुळं नसतात) काढला −१ आणि खाली लिहिलं, 'वास्तव मुळं नाहीत'. मुळं तर ३ आणि −१/२ आहेत. सूत्र बरोबर, किमतीही बरोबर. मी म्हटलं, "जे दाबलंस ते माझ्यासमोर पुन्हा दाब." तिने दाबलं: −५² − ४ × २ × (−३). यंत्राने −२५ + २४ केलं. हवं होतं २५ + २४, म्हणजे ४९.

"बाई, मशीन चुकेल कसं?"

मशीन चुकलं नव्हतंच. तिने विचारलेलं गणित वेगळं होतं. ही चूक मी वर्षानुवर्षं पाहते आहे, आणि तिचं मूळ आपल्या बोलण्यात आहे असं मला वाटतं. 'उणे तीनचा वर्ग' हे शब्द दोन्हीकडे लागू पडतात. म्हणून पहिलं काम तोंडी करून घ्या. −३² वाचायचं 'तीनच्या वर्गाचं उणे'. (−३)² वाचायचं 'उणे तीन या अख्ख्या संख्येचा वर्ग'. मुलं आठवडाभर अडखळतात, मग जीभ वळते.

पहिल्याचं उत्तर −९ का, हे पाठ करायला लावू नका. १० − ३² लिहा. सगळे १० − ९ = १ म्हणतात. आता १० पुसून ० लिहा: ० − ३², म्हणजे −९. तो शून्यही पुसा. वजाचं चिन्ह तेच, तिथेच आहे. मग उत्तर कसं बदलेल?

कंचेभागुबेव (कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी हा क्रम) इथे पुरत नाही. त्यात घात नाही, आणि ते शब्दशः धरणारी मुलं ८ − ५ + २ चं उत्तर १ काढतात, कारण 'बेरीज आधी'. बेरीज-वजाबाकी एकाच पायरीवरच्या. डावीकडून उजवीकडे जायचं, उत्तर ५. गुणाकार-भागाकाराचंही तसंच.

आता वहीतला नियम: अक्षराच्या जागी किंमत घालताना, ती ऋण असो वा धन, आधी रिकामा कंस लिहायचा आणि मग त्यात संख्या भरायची. ब² दिसलं की ( )², मग −५. आणि बटण दाबण्याआधी उत्तराचं चिन्ह समासात लिहायचं. समासात अधिक आणि पडद्यावर उणे आलं, की मूल आपणहून थांबतं. सरावाला घन देऊ नका, निदान सुरुवातीला तरी: −२³ आणि (−२)³ दोन्ही −८ येतात, चूक झाकली जाते.

मग वेगवेगळी यंत्रं समोर ठेवा. २ + ३ × ४ साध्या कॅल्क्युलेटरवर बहुधा २०, सायंटिफिकवर १४. एक्सेलमध्ये =−३^२ लिहिलं तर ९ येतं, पण =०−३^२ लिहिलं तर −९; पहिल्यात तो उणेचं चिन्ह संख्येलाच जोडून घेतो. हे पाहिल्यावर कंस कशासाठी, हे वेगळं सांगावं लागत नाही.

त्या मुलीला शेवटी मी सायंटिफिकवर एकच करायला सांगितलं: −५ दाब, '=' चं बटण दाब, मग वर्गाचं. २५ आले. मग तीच मला म्हणाली, "आता उणे आतच बसलंय, बाई."