पसायदानाच्या ओळींतून उमटलेला गोल
पसायदानाच्या ९ ओव्या हाताने लिहून त्यांतून कागदाबाहेर फुगलेला गोल दिसावा, अशी माझी इच्छा होती. परंतु ओळी वाकवूनही तो सपाटच दिसत होता, कारण वेलांट्या आणि उकार दोन ओळींमधली पांढरी जागा भरून टाकत होते. हा दृष्टिभ्रम त्या मोकळ्या जागेवरच अवलंबून असतो. म्हणून मी शिरोरेषा शब्दांमध्ये न तोडता ०.५ मिमीच्या पेनाने सलग ओढली, अक्षरे व मात्रा ०.१ मिमीच्या पेनाने लिहिल्या, आणि ओळींमधील अंतर मध्यभागी मोठे ठेवून कडांकडे क्रमाने कमी केले. शिरोरेषेमुळे देवनागरी लिपी अशा दृष्टिभ्रमाच्या कलेला विलक्षण अनुकूल आहे, असे माझे ठाम मत आहे. वरच्या व खालच्या कडेला जोडाक्षरे एकाखाली एक न लिहिता आडवी जोडावीत, म्हणजे ती तिथे गिचमिड होत नाहीत.