वर्षावनातील मुक्कामात लॅपटॉप ओलाव्यापासून असा जपावा

मुंबईत वातानुकूलित लोकलमधून दादरला उतरताच चष्म्याच्या काचांवर जसे धुके चढते, तसेच आगुंबे किंवा वायनाडच्या जंगलातील रिसॉर्टमध्ये एसीच्या खोलीतून थेट व्हरांड्यात आणलेल्या थंड लॅपटॉपवर, आणि न दिसणाऱ्या आतल्या भागांवरही, पाणी जमते. एकट्याने राहून तिथूनच ऑफिसचे काम करणाऱ्यासाठी हे फार जिव्हाळ्याचे आहे, कारण यंत्र बंद पडले तर विश्रांतीचे सगळे दिवस दुरुस्तीच्या धावपळीत जातात.

१. खोलीतून निघण्यापूर्वी लॅपटॉप पूर्ण बंद करावा. नुसता स्लीपवर ठेवू नये.

२. खोलीतच तो झिप असलेल्या जाड प्लास्टिक पिशवीत घालावा, आतली हवा दाबून काढावी आणि सोबत सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या टाकाव्यात. रंग बदलणारे खडे मिळाले तर उत्तम. निळ्याचे गुलाबी झाले की ते ओलाव्याने भरले, असे समजावे.

३. व्हरांड्यात पिशवी न उघडता अर्धा-पाऊण तास तशीच राहू द्यावी. तेवढ्यात चहा निवांत होतो आणि पागोळ्यांचा आवाजही ऐकून होतो.

४. पिशवीला हात लावल्यावर गारवा जाणवला नाही, की मगच ती उघडावी.

पाणी जमलेच, तर लॅपटॉप सुरू करू नये, चार्जरही जोडू नये.