कोबाल्ट फेराइटचं मॅग्नेटायझेशन कमी आलं? आधी या चुका टाळा

सायट्रेट जेल पेटवून कोबाल्ट फेराइट (कोबाल्ट आणि लोहाचं चुंबकीय ऑक्साइड) केलं, व्हीएसएमला (चुंबकत्व मोजणाऱ्या यंत्राला) दिलं आणि मॅग्नेटायझेशनचा, म्हणजे वजनामागच्या चुंबकत्वाचा, आकडा आला ४५ ईएमयू प्रति ग्रॅम. मोठ्या कणांच्या नमुन्याला खोलीच्या तापमानाला साधारण ८० मिळतात. मग प्रबंधात ठरलेलं वाक्य येतं: 'पृष्ठभागावरचे स्पिन (अणूंची चुंबकीय दिशा) कलल्यामुळे'. नॅनोकणांत तसं होतं, नाही असं नाही. पण ते कारण बाकी सगळं तपासून झाल्यावर लिहायचं.

माझा पहिला संशय फेरिक नायट्रेटच्या, म्हणजे लोह देणाऱ्या मिठाच्या, बाटलीवर असतो. ते नोनाहायड्रेट असतं, म्हणजे त्यात पाण्याचे नऊ रेणू धरलेले, रेणुभार ४०४. हिशेबात पाणी विसरून २४२ धरले, तर लोह चाळीस टक्के कमी पडतं. ही चूक निदान पटकन उघडी पडते. पावसाळ्यात झाकण सैल राहिलं की हे मीठ ओलावा ओढतं, तराजू बरोबर दाखवतो आणि लोह थोडंसंच कमी जातं. उरलेल्या कोबाल्टचं स्वतःचं ऑक्साइड बनतं. तेही फेराइटसारखंच स्पिनेल स्फटिकरचनेचं, आणि एक्सआरडीत (क्ष-किरण विवर्तनात) त्याची मुख्य रेषा ३७ अंशांजवळ, म्हणजे फेराइटच्या (२२२) या रेषेला खेटून. एक्सआरडी 'शुद्ध' दिसतो! लोह जास्त झालं तर हेमटाइट (लोहाचं ऑक्साइड) ३३.२ अंशांवर चुगली करतं, ३५.६ची त्याची रेषा मात्र (३११)च्या पोटात लपते.

त्यात तांब्याच्या नळीच्या किरणांनी लोह आणि कोबाल्ट दोन्ही फ्लुओरेसन्स देतात (स्वतःचे क्ष-किरण सोडतात), पार्श्वभूमी वर चढते आणि बारीक रेषा बुडतात. मोनोक्रोमेटर (नको ते किरण गाळणारा भाग) लावून घ्या, किंवा कोबाल्टची नळी असेल तिथे मोजा.

त्याच एक्सआरडीच्या तीव्रतेवरून कोणता आयन कुठल्या जागी बसला ते ठरवू नका. लोहाचा अणुक्रमांक २६, कोबाल्टचा २७. क्ष-किरणांना दोघे जवळपास सारखेच. त्यासाठी मॉसबाउअर (गॅमा किरणांनी लोहाची जागा ओळखणारं मापन) किंवा न्यूट्रॉन विवर्तन हवं.

कणांचा आकार काढायच्या शेरर सूत्रात एक्सआरडी रेषेची रुंदी रेडियनमध्ये घाला, यंत्राची रुंदी वजा करा.

व्हीएसएमला १० मिलिग्रॅम भुकटी दिली, तर वजनातली एका मिलिग्रॅमची चूक म्हणजे सरळ दहा टक्के. नीट न जळलेला कार्बनही वजनात मोजला जातो, चुंबकत्वात नाही. आणि कोबाल्ट फेराइट कडक (सहज न वळणारं) चुंबक आहे: १५ किलोओर्स्टेडच्या चुंबकीय क्षेत्राला आलेख अजून चढत असेल, तर तिथला आकडा संपृक्त (क्षेत्र वाढवूनही न वाढणारं) मॅग्नेटायझेशन म्हणून छापू नका.