हातघडणीचं जुनं मँडोलिन घेताना

बेळगाव-खानापूर पट्ट्यात हातानं घडवलेलं जुनं मँडोलिन विकायला आलं, तर पॉलिशकडे बघून भुलू नका. आधी वरची फळी बघा, वाद्याचा आवाज मुख्यतः तीच घडवते. भोकाच्या काठावर नीट नजर टाका: लाकडाच्या रेषा जाडीतूनही सरळ खाली उतरत असतील तर फळी अखंड लाकडाची, आडवे थर दिसले तर प्लायवूड.

मग वाद्य डोळ्यांच्या पातळीला आडवं धरा. आठ तारांचा मिळून 50 किलोहून जास्त ताण असतो, त्यानं ब्रिजखालची, म्हणजे तारा ज्या घोडीवर टेकतात तिच्याखालची, फळी दबलेली असू शकते. बोटाच्या पेरानं ठिकठिकाणी टकटक करा. कुठे खरखर आली, तर फळीला आतून आधार देणारी पट्टी सुटलेली आहे. आपल्याकडच्या लांब पावसाळ्यात जुना सरस ओल धरून मऊ पडतो. पट्टी पुन्हा चिकटवता येते. मान वाकलेली असेल तर मात्र वाद्य सोडून द्या.

बाराव्या पडद्यावर (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांपैकी बाराव्या) तार दाबून वाजवा, मग तिथेच बोट नुसतं टेकवून. दोन्ही स्वर एकच हवेत. दाबलेला स्वर चढा निघाला तर तारा थोड्या सैल करून ब्रिज शेपटीकडे केसभर सरकवा, उतरा निघाला तर मानेकडे. हा ब्रिज चिकटवलेला नसतो, तारांच्या ताणावर उभा असतो. म्हणून तारा एकेक करूनच बदला. गोल पाठीच्या जुन्या वाद्याला हलकाच संच लावा, सर्वांत बारीक तार 0.009 इंचाची.