केशरी खडा क्रोकोइटच आहे ना? काट्यावर बघा

क्रोकोइट म्हणजे शिसं आणि क्रोमियम असलेलं केशरी खनिज. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटाचं क्रोकोइट म्हणून भलतंच केशरी खनिज गळ्यात मारलं जातं. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा घ्या.

१. खडकापासून सुटा झालेला स्फटिक कोरडा तोला.
२. पाण्याचा पेला काट्यावर ठेवून आकडा शून्य करा. स्फटिक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला टेकू देऊ नका, आणि आकडा टिपा.
३. पहिला आकडा दुसऱ्याने भागा.

उत्तर (स्फटिक पाण्यापेक्षा किती पट जड) ६ च्या आसपास हवं. तशाच रंगाची दुसरी खनिजं वेगळा आकडा देतात: रिअलगार ३.५, व्हॅनॅडिनाइट ६.९. क्रोकोइट पुष्कळदा पोकळ असतं. आत अडकलेला बुडबुडा आकडा खाली आणतो, म्हणून दोरा हलवून हवा काढा.

भाव ठरतो तो शाबूत टोकांवर आणि झळाळीवर. अतिनील टॉर्चखाली सांधा निळसर चमकला तर स्फटिक चिकटवलेला समजा.

क्रोकोइटमधलं शिसं आणि क्रोमियम दोन्ही विषारी. पूड करू नका, हात धुवा, तो पेला पुन्हा पिण्यासाठी वापरू नका.