डीव्हीचा अर्ज लावताना

मी तालुका कोर्टात वकिली करते. बायका आधी एकच विचारतात, "मॅडम, घर सोडावं लागेल का?" नाही. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं (डोमेस्टिक व्हायोलन्स, म्हणून डीव्ही) कलम १७ तुम्हाला राहण्याचा हक्क देतं. घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी तो हक्क मागता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये सांगितलंय. जीव वाचवायला माहेरी आला असाल, तर अर्ज माहेरच्या तालुक्यातच लावा, प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे.

महिला व बालविकास विभागाचे संरक्षण अधिकारी घटनेचा अहवाल भरून देतात. वकील परवडत नसेल तर विधी सेवा समितीत जा. बाईला तिथे उत्पन्नाची अट नाही.

आता मजकूर. "वेळोवेळी शारीरिक व मानसिक छळ केला" हे वाक्य दिसलं की माझं डोकंच उठतं. यातून न्यायाधीश साहेबांना काय कळणार? असं लिहा: पोळ्याच्या रात्री चार्जरच्या वायरने मारलं, शेजारच्या काकूंनी सोडवलं, सकाळी ग्रामीण रुग्णालयात केसपेपर काढला. तारीख आठवत नसेल तर सण आठवा. पगाराचं एटीएम कार्ड काढून घेणं हीसुद्धा हिंसाच, तीही लिहा.

मागण्या एकेक करून मांडा. मारहाणीला, फोनला, कामाच्या ठिकाणी किंवा मुलांच्या शाळेत येण्याला मनाई कलम १८खाली. घरातून न काढण्याचा आदेश आणि स्त्रीधन १९खाली. दागिन्यांची यादी आणि लग्नाचे फोटो जोडा. खर्च २०खाली, मुलांचा तात्पुरता ताबा २१खाली.

आणि कलम २३चा अंतरिम अर्ज, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या तात्पुरत्या आदेशाचा, प्रतिज्ञापत्रासह, त्याच दिवशी. हा राहिला तर बाकी कागद कितीही चांगले असोत, तुम्ही तारखा मोजत बसाल. निकाल ६० दिवसांत लावण्याचा प्रयत्न व्हावा असं कायदा म्हणतो. कोर्टाच्या व्हरांड्यात तासभर बसा, मग काय ते कळेल. धोका दिसला तर न्यायाधीश नवऱ्याला न ऐकताही अंतरिम आदेश देऊ शकतात.

आदेशाची प्रत मोफत मिळते, पोलीस ठाण्यालाही जाते. तरी एक स्वतः नेऊन द्या, पोहोच घ्या. नवऱ्याने संरक्षण आदेश मोडला तर कलम ३१: एक वर्षापर्यंत कैद, २० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हात उगारला गेलाच तर आधी ११२ फिरवा. ठाण्यात "घरगुती मामला आहे, मिटवून घ्या" म्हणाले, तर कलम ३२ दाखवा, आदेश मोडण्याचा हा गुन्हा दखलपात्र (पोलिसांना नोंदवावाच लागतो असा) आणि अजामीनपात्र आहे, आणि एफआयआरची प्रत हातात पडल्याशिवाय उठू नका.