60 रुग्ण कशावरून?

क्रॉनिक सबड्युरल हिमाटोमा, म्हणजे कवटीच्या आत मेंदूवर हळूहळू साचलेलं जुनं रक्त. बर होल करून, म्हणजे कवटीला छोटं भोक पाडून, काढलं तरी काहींना ते पुन्हा साचतं. यावरच्या संशोधनासाठी मी निधी मागितला. अर्ज परत आला. शेरा एवढाच: ‘60 रुग्ण कशावरून?’

खरं उत्तर होतं, आमच्याकडे वर्षाला तेवढेच येतात. ते कसं लिहिणार?

संख्याशास्त्राच्या मॅडमनी कागदावर मांडून दाखवलं: पुन्हा साचण्याचं प्रमाण 20 टक्क्यांवरून 10 वर आणायचं आणि पॉवर (फरक खरंच असेल तर तो अभ्यासात दिसण्याची शक्यता) 80 टक्के धरायची, तर प्रत्येक गटात साधारण 200 रुग्ण लागतात. मी गारच पडलो. आणखी तीन रुग्णालयं जोडून घेतली. पाच उद्दिष्टांपैकी एकच मुख्य ठेवलं: सहा महिन्यांत पुन्हा ऑपरेशन लागलं का. बजेटमधला मायक्रोस्कोप काढला (बर होलला तो लागतोच कुठे, हौस होती नुसती) आणि फॉलो-अपचं एसटीभाडं घातलं. सीटीआरआय, म्हणजे क्लिनिकल चाचण्यांची भारतातली नोंदवही, तिथली नोंदणी पहिला रुग्ण घेण्याआधी हवी, 1 एप्रिल 2018 पासून मागाहून चालत नाही. तीही वेळापत्रकात टाकली.

या वेळी मुलाखतीला बोलावलं. सगळ्यात जास्त प्रश्न आले ते एसटीभाड्यावर!